इंजिनाची उचकी

आमच्या घरात लग्नकार्याला चार माणसं जमली की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, हात कसा मोडला त्याची. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी मिस्त्रीने त्यांच्या इंजिनाच्या सायकलीत बनावट रिंग घातली, ती चिखलोलीजवळ तुटली आणि दाजी भर रस्त्यात आपटले, अशी ती गोष्ट. भाचा ती हावभावांसकट सांगतो. शेवटी 'कॅम्पाचा माल' म्हणून टाळीसाठी हात पुढे करतो आणि ऐकणारे टाळी देतात. बरीच वर्षं मीही दिली. मागच्या खेपेला मात्र टाळी न देता मी पानावरून उठलो. म्हातारपणाचं पित्त, असं सगळ्यांनी ठरवलं.

ती गोष्ट खोटी आहे. दाजी गेले, ताई गेली, आता खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे. आणि ती खोटी गोष्ट पहिल्यांदा जुळली तेव्हा हातात पाना घेऊन तिथे बसलेलाही मीच होतो.

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो होतो. चिकटलो म्हणतो, कारण दाजी तिथे स्टोअर्सचे अधिकारी होते आणि त्यांच्या शब्दावर मला घेतलं होतं. राहायलाही त्यांच्याकडेच, कारखान्याच्या कॉलनीत. या कॉलनीतली माणसं स्वतःला फार समजत. बदलापूरच्या बाजूला भातशेतीची गावं, कल्याणच्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना दिलेल्या जुन्या लष्करी बराकी, म्हणजे कॅम्प, आणि मधे आम्ही चुना मारलेल्या क्वार्टर्समधले, संध्याकाळी इस्त्रीचे लेंगे घालून फेऱ्या मारणारे. कॅम्प हा शब्द आम्ही नाक वर करून उच्चारायचो. बादल्या, कुलपं, छत्र्यांच्या काड्या, मुलांची पाटी-पेन्सिल, सगळं मात्र तिथूनच आणायचो.

मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून दाजींनी ती इंजिनाची सायकल घेतली. सायकलीसारखेच पेडल, आणि मधे खाली अडकवलेलं लहानसं टू-स्ट्रोक इंजिन. या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकीत ओतायचं. पेट्रोल जळतं, तेल आतल्या भागांना लागतं आणि उरलेलं धुरातून बाहेर पडतं. हा धूर निळसर, जड, आणि त्याची चव जिभेवर राहते. आजही रस्त्यावर तसला धूर आला की मी नाकाला रुमाल लावतो.

सायकल ठेवायची मागच्या पडवीत, तिथेच पिण्याच्या पाण्याचे हंडे. फरशीवर कायम तेलाचा एक चिकट काळा डाग. महिन्या-दोन महिन्यांनी सायलेन्सर उघडून आतली काजळी खरवडावी लागे. ती काजळी कोरडी नसते. तुंबलेल्या गटाराच्या तळाशी असतो तसा काळा, बुळबुळीत गाळ असतो. दाजी तो वर्तमानपत्रावर काढायचे, हात पुसायचे आणि तसेच जेवायला बसायचे.

"अहो, निदान माझ्या लुगड्याला तरी पुसू नका," ताई म्हणायची.

"जुनं आहे ते."

"तुमच्यासाठी जुनं. मी अजून नेसते."

दाजींच्या नखांतला तो काळा गाळ, आणि त्याच बोटांनी ते कालवत असलेला आमटीभात, हे माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही.

पण घरातल्या घाणीचं दाजींना काही नव्हतं. त्यांचं दुखणं होतं ते इंजिनाच्या आवाजाचं. सकाळी ते दिमाखात निघत. कॉलनीच्या फाटकाच्या आत थोडा चढ होता, तोवर आवाज एकसारखा, ताशा वाजावा तसा. सपाट रस्ता लागला, वेग वाढवायची हँडलवरची मूठ सोडून हळू चालवायला लागलं, की बिनसलं. फट, मग काही नाही, फट, काही नाही, पुन्हा काही नाही, मग दोनदा फट. सायकल पुढे जायची, बंद पडायची नाही, पण बसलेला माणूस दर धक्क्याला मान हलवत जायचा. कारखान्याच्या फाटकाशी हे ऐकायला रोज माणसं उभी.

आमच्या शेजारी हेडक्लार्क राहत. त्यांची जीभ तिखट. ते म्हणाले, "काय हो, गाडीला उचकी लागली. कुणीतरी आठवण काढतंय."

दुसरा कुणी म्हणाला, "तो गोरा साहेब काढत असेल. बोटीवर बसून."

"मग पाणी पाजा तिला."

सगळे हसले. दाजीही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्या दिवसापासून कॉलनीत त्या सायकलीचं नाव उचकी पडलं. बायकासुद्धा ताईला विचारायच्या, "उचकी आली का घरी?" म्हणजे दाजी आले का.

मग दाजींनी कॅम्पातला मिस्त्री गाठला. मीच सायकल घेऊन जायचो. बराकीच्या एका टोकाला गोणपाटाचे पडदे लावून केलेल्या खोलीत तो, त्याची बायको आणि मुलं राहत, आणि त्याच खोलीत इंजिनं उघडली जात. एका भिंतीशी अंथरुणांची वळकटी, दुसऱ्या भिंतीशी पेट्रोलने भरलेलं घमेलं, त्यात भिजत टाकलेले नट-बोल्ट. बायको सारखी खोकायची. चुलीचा विस्तव पेटवायच्या आधी ती घमेलं उचलून बाहेर नेऊन ठेवायची आणि स्वयंपाक झाला की परत आणायची. दिवसातून दोनदा हा प्रकार.

मिस्त्री बडबड्या होता, बढाईखोर होता आणि त्याला जेवढं कळत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं असं तो सांगायचा. "कराचीमध्ये माझ्यासमोर मोटारी रांग लावून उभा राहत होत्या, साईं," असं त्याचं मराठी. खरं म्हणजे त्याला टू-स्ट्रोक फारसं कळत नव्हतं. तो प्लग बदलायचा, पॉइंट घासायचा, कार्बोरेटर फुंकायचा. उचकी जायची नाही. मग त्याने साहेबाच्या वेळची झिजलेली रिंग काढून नवी घातली. पिस्टनभोवती खाचेत बसणारी ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, रिंग बाजारात मिळत नव्हती. ती त्याच्या मेव्हण्याने, बायकोच्या सख्ख्या भावाने, शेजारच्या बराकीत पायाने चालवायच्या लेथवर कातून दिली. मेव्हणा अगडबंब होता आणि अजिबात बोलायचा नाही. कातकाम झालं की रिंग उजेडाकडे धरून बराच वेळ बघायचा, आणि पसंत पडली नाही तर बाजूला टाकून दुसरी करायचा. दोघे सिंधमधून एकत्र आलेले, एकाच गाडीतून, एकाच ताटात जेवत.

दुरुस्ती झाली की मिस्त्री म्हणायचा, "चला, ट्रायल." आणि मेव्हण्याला हाक मारून कॅरिअरवर बसवायचा. त्या दोघांना घेऊन सायकल वालधुनीच्या पुलाच्या चढाला लागायची आणि आवाज कसा अगदी एकसारखा. "ऐकला? घड्याळ आहे घड्याळ," मिस्त्री वरून ओरडून सांगायचा. मी समाधानाने सायकल घरी आणायचो. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर पुन्हा उचकी.

असं तीनदा-चारदा झाल्यावर मी कारखान्याच्या ग्रंथालयात जाऊन एक इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात ते सगळं होतं. टू-स्ट्रोक इंजिनात जळून गेलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, थोडा आत राहतोच. मूठ जेमतेम पिळलेली असली की आत येणारा ताजा पेट्रोलचा घोट अगदी लहान असतो आणि उरलेला धूर जास्त. ठिणगी पडते, पण पेटत नाही. पुढच्या फेरीला आणखी एक घोट येतो, धूर विरळ होतो, मग पेटतं. म्हणून एकाआड एक फटका, कधी दोन सोडून एक. चढावर, ओझं असताना मूठ पूर्ण पिळली की ताजा घोट भरपूर येतो आणि प्रत्येक फेरीला पेटतं. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. सगळी लहान टू-स्ट्रोक इंजिनं असंच करतात. आणि मेव्हण्याला मागे बसवून चढावर नेण्यातली मिस्त्रीची युक्तीही तेव्हा माझ्या लक्षात आली. लबाड होता तो, पण त्याच्या लबाडीने कुणाचा हात मोडणार नव्हता.

मी दाजींना समजावून सांगितलं.

"म्हणजे याला इलाज नाही?"

"इलाज कशाला, दाजी? हा रोगच नाही."

"रोग नाही तर लोक हसतात कशाला?"



याच सुमाराला कॉलनीच्या कमिटीने ठरवलं की फाटकाबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर एका मिस्त्रीला पत्र्याची टपरी टाकू द्यायची. सायकली, स्टोव्ह, शिवणयंत्रं दुरुस्त करायला दर वेळी कॅम्पात जावं लागू नये म्हणून. आमच्या मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो दाजींकडे आला. नेहमीची बडबड नाही. पायरीखाली चपला काढून उभा राहिला. "साहेब, मला जागा द्या. घरातून हा पेट्रोल बाहेर निघेल. बायको मरून जाईल असा नाहीतर." डॉक्टरने त्याला तसंच सांगितलं होतं. दाजी कमिटीवर होते, हेडक्लार्क चिटणीस होते. दाजी म्हणाले, "बघू. आधी माझी गाडी नीट कर." मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "छोटे साहेब, तुम्ही शिकलेला माणूस. तुमचा शब्द ऐकतील." मी मान हलवली. त्याला ती जागा मिळावी असं मला खरंच वाटत होतं. त्या खोलीत गेलं की माझ्याही घशात खवखवायचं.

हेडक्लार्कांनी कुठून तरी ऐकलं होतं की धूर आणि उचकी दोन्ही जातात, तेल कमी घातलं की. दाजींनी मला सांगितलं, तेल निम्मं कर. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम माझं होतं. इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं नाहीच, उलट शहाणपणा केला. पुस्तकात वाचलं होतं की कार्बोरेटरमध्ये एक सुई असते, तिला वर खाचा असतात, क्लिप एक खाच वर लावली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी जातं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की उचकी बरीच कमी होते. हेही त्याच पुस्तकात होतं की अशाने इंजिन फार तापतं. ते मी वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. दाजींसमोर हुशारी दाखवायची संधी मला सोडवेना. मी क्लिप अगदी वरच्या खाचेत नेऊन लावली आणि तेल निम्मं केलं.

उचकी गेली. दाजी सपाट रस्त्यावर एकसारखा आवाज करत, धूर न सोडता, कारखान्याच्या फाटकातून आत गेले तेव्हा हेडक्लार्कांनी टोपी काढून मुजरा केला. घरी ताईने शिरा केला. मी दोनदा वाढून घेतला.

"सिंध्याला जमलं नाही ते आमच्या मेव्हण्याने केलं," असं दाजी चार ठिकाणी सांगत फिरले. मिस्त्रीच्या टपरीचं मात्र कमिटीत पक्कं होत आलं होतं, कारण दुसरा कुणी मिस्त्री आलाच नव्हता. त्याने पत्रेही आणून ठेवले होते, बराकीच्या भिंतीला टेकवून.

मग एका रविवारी दाजी बदलापूरला निघाले, बेलवलीला राहणाऱ्या एका कंत्राटदाराला गाडी दाखवायला. मी मागून साध्या सायकलवर. ऊन कडक होतं आणि दाजी मूठ सोडायला तयार नव्हते. चिखलोली ओलांडली आणि मला पुढून आवाज बदललेला ऐकू आला. कर्कश, कोरडा, दात खाल्ल्यासारखा. मग अचानक काहीच नाही. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, सायकल आडवी घसरत गेली आणि दाजी बांधावर आदळले.

शेतातला एक माणूस धावत आला. दाजींना त्याने उचलून बसवलं आणि मी सायकल उभी करायला गेलो तसा म्हणाला, "दादा, त्या गारीला हात नको लावू, जाम तापलेली हाय." इंजिनावर मातीचा ढेकूळ पडला होता, तो चरचरत होता. जळलेल्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास मला आला, आणि त्याच क्षणी मला कळलं काय झालंय. आतला पिस्टन तेलावाचून सिलिंडरला चिकटला होता.

त्या माणसाच्या बैलगाडीतून आम्ही परत निघालो. दाजींचा हात लोंबत होता, चेहरा पांढराफटक. बराच वेळ कण्हून झाल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "तेलाचं कुठे बोलायचं नाही. लोक हसतील."

इतकंच. मिस्त्रीचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नव्हतं. ते दुष्ट नव्हते, त्यांना फक्त पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. पुढचं सगळं त्यातून निघालं. हे मी त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही. इतक्या क्षुल्लक कारणासाठी माणूस काय काय करतो याची मला किळस येते, आणि त्यात मी आधी येतो.

आठवडाभराने कमिटीची माणसं दाजींना भेटायला आली. हात प्लास्टरमध्ये, दाजी आरामखुर्चीत. टपरीचा निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता, म्हणून मिस्त्रीलाही बोलावलं होतं. तो पडवीच्या पायरीवर बसला. हेडक्लार्क म्हणाले, "टपरी द्यायच्या आधी या माणसाने गाडीत काय केलं ते बघायला हवं. तू उघड रे. तू जाणकार."

मी वर्तमानपत्रं अंथरून इंजिन उघडायला बसलो. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने ठोकून ठोकून तो काढावा लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे, अ‍ॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला माखलेलं, आणि सगळं कोरडं ठणठणीत. ज्याने एकदा जरी इंजिन उघडलंय त्याला यावरून एका नजरेत कळतं की तेल नव्हतं. रिंग तोवर शाबूत होती. ती तुटली माझ्या शेवटच्या ठोक्याला. टक् असा आवाज मी ऐकला आणि तुकडा कागदावर पडला.

"काय तुटलं ते?" हेडक्लार्क वाकून म्हणाले.

"रिंग तुटली आहे."

"कुठली रिंग?"

"कॅम्पात करून घेतलेली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हेडक्लार्कांनी सगळ्यांकडे बघून भुवया उडवल्या. "घ्या. म्हणजे हे होतं होय."

मिस्त्री पायरीवरून उठला. "साहेब, तेल किती टाकला होता?" त्याला कळत कमी होतं, पण हे विचारायचं त्याला कळलं.

दाजी म्हणाले, "आता तू आम्हाला तेल घालायला शिकवणार?"

"तसा नाही साहेब. छोटे साहेब, तुम्ही बोला. तेल होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दाजी छताकडे. मी म्हणालो, "होतं."

निम्मं का होईना, होतं. म्हणजे हाही शब्द खराच.

मिस्त्री खाली वाकला आणि रिंगचे दोन्ही तुकडे त्याने उचलले. तुटलेल्या कडा जुळवून पाहिल्या. तो ओरडला असता, भांडला असता, मला खोटारडा म्हणाला असता तर कदाचित मी बोललो असतो. त्याने तसं काही केलं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो राग आमच्यावरचा नव्हता. "मेव्हण्याने मला बोलला होता, चांगला बीड आहे," असं तो स्वतःशीच पुटपुटला. तुकडे त्याने कागदावर परत ठेवले, सगळ्यांना हात जोडले आणि गेला. ताईने आतून चहा आणला. कमिटीने टपरीचा विषय तिथेच बंद केला. कुणीतरी म्हणालं, "थोडक्यात वाचलो," आणि सगळ्यांनी बशीत चहा ओतून घेतला. मी पण.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे मी कारखान्यात नेले आणि मायक्रोमीटरने मोजले. जाडी सगळीकडे सारखी होती. बीड कुठेही सच्छिद्र नव्हतं. पायाने फिरवायच्या लेथवर इतकं नीट काम होऊ शकतं यावर माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. ती रिंग साहेबाच्या मूळ रिंगपेक्षा चांगली होती. तुकडे मी घरी न नेता भंगाराच्या पेटीत टाकले.

त्यानंतर कितीतरी महिने मी कॅम्पाच्या बाजूला फिरकलो नाही. गेलो तेव्हा मनाशी ठरवून गेलो होतो की मिस्त्रीला खरं सांगायचं. तो त्याच खोलीत होता. पत्रे गेले होते, विकले असतील. तेच घमेलं, तोच वास, आणि पडद्यामागून तोच खोकला, आता जास्त ओला. मला बघून तो इतका खूष झाला की मला कुठे बघावं कळेना. बायकोला हाक मारून त्याने त्यांच्या रीतीप्रमाणे पापड आणि पाणी मागवलं.

"छोटे साहेब, तुमचा उपकार आहे माझ्यावर," तो म्हणाला. "तुम्ही इंजिन उघडून दाखवला नसता तर मी त्या हरामखोराकडून रिंग घेत राहिलो असतो. सख्खा माणूस, एका ताटात जेवला, आणि मला खराब माल दिला. माझी जागा गेली त्याच्यामुळे."

मी विचारलं, मेव्हणा काय म्हणतो.

"काय म्हणणार? बोलतोच कुठे तो? मी सगळ्यांसमोर विचारला, तर गप्प उभा राहिला. गप्प राहणारा माणूस चोर असतो. मग मी त्याला सांगितला, या दारात यायचा नाही. गेला. लेथ विकून गेला. बडोद्याला, कुणी सांगतो सुरतेला."

बायको पापड घेऊन आली. आजवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. ती खाली बसली, धाप लागली होती. नवऱ्याकडे न बघता तिने मला हळू आवाजात विचारलं, "साहेब, रिंग खरंच खराब होती?"

मिस्त्री चिडला. "पुन्हा तेच? साहेबांनी स्वतःच्या हाताने काढली. शिकलेला माणूस खोटा बोलेल?"

"माझा भाऊ असं करणार नाही," ती म्हणाली. "राखीलापण नाही आला. पत्ता माहीत नाही आम्हाला. तुम्ही सांगा साहेब. चूक झाली असेल बघण्यात तर सांगा."

ती चूक म्हणाली. माझ्यासाठी इतकी सोपी वाट तिने करून दिली होती. बघण्यात चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, दाजींचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. पण मग मिस्त्रीने कॉलनीत येऊन विचारलं असतं, तेलाची गोष्ट निघाली असती, दाजी, नोकरी, क्वार्टरमधली माझी खाट, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी म्हणालो, "आता ते जुनं झालं, वहिनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तिने पापडाची थाळी माझ्याकडे सरकवली आणि उठून घमेलं उचलून बाहेर नेलं, कारण चूल पेटवायची वेळ झाली होती. मी पापड खाल्ला, पाणी प्यायलो, तोंड पुसलं आणि अंबरनाथला परत आलो.

पुढच्या वर्षी ती गेली. हे मला कॅम्पातल्या एका कुलपाच्या दुकानदाराकडून समजलं, कुलूप घेता घेता. तिच्या भावाला कळवायला कुणाजवळ पत्ता नव्हता, असंही तो म्हणाला. मी किल्ली लावून कुलूप दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि घेतलं.

भाच्याने यापुढे ती गोष्ट सांगू नये. सांगायचीच असेल तर अशी सांगावी: त्याच्या वडिलांचा हात तेल निम्मं केल्यामुळे मोडला, ते त्यांच्या सांगण्यावरून मी केलं, सुईही मी उतरवली. इंजिनाला उचकी लागत होती तोवर ते ठीक होतं. रिंग कातणाऱ्या माणसाने त्याचं काम चोख केलं होतं, ती रिंग माझ्या हातोडीने तुटली, आणि त्याच्या बहिणीने मला विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं नाही.